लाल कोळंबीचे पाणी

"ते पाणी जिथून काढलंत, तिथेच ओता!"

भाद्रपदातील त्या ऊन-पावसाच्या दुपारी विनिताचा करारी स्वर केळीच्या बागेतून असा काही घुमला, की बावखलाच्या काठी ओणवा झालेला तरुण पाण्यात पडता पडता वाचला. कळंबच्या रस्त्याला तिच्या वडिलांची, शांतारामभाऊंची, जी बाग होती, तिचा प्राण म्हणजे हे गोड्या पाण्याचे तळे, हे बावखल. आणि एक परका इसम प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये तो प्राण खुशाल भरून घेत होता!

"पाण्याचीसुद्धा चोरी होते का हो?" कपाळावरचे ओले केस मागे सारीत त्याने विचारले.

"बागायतदाराकडे पाण्याचीच होते. केळी चोरली असती, तर एखाद वेळेस सोडलं असतं."

"मग केळीही घेतो. शिक्षा एकदमच करा."

विनिताने ओठ घट्ट मिटले... परंतु डोळ्यांनी ऐन वेळी फितुरी केली.

संग्राम मूळचा साताऱ्याकडचा. सातिवलीच्या एका कारखान्यात तो साचे दुरुस्त करी आणि नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राही. त्या खोलीतील काचेच्या टाकीत त्याने कोळंबी पाळली होती, आणि नळाच्या पाण्यातील औषध तिला सोसत नव्हते.

"कोळंबी पाळतात?" विनिता चकित झाली. "आमच्याकडे तिला हळद-तिखट लावतात."

"माझ्याकडे तिला पालक उकडून वाढतात."

"बायकोला तरी वाढाल का इतक्या प्रेमानं?"

"ती आधी पाणी तर भरू देऊ दे..."

बोलून गेल्यावर तो स्वतःच लाजला. विनिताने कॅन त्याच्या हातातून ओढला, आणि स्वतः भरून दिला.

त्यानंतर संग्राम दर रविवारी पाण्याला येऊ लागला. एकदा त्याने तिच्यासाठी एक लहानशी टाकी आणली. तळाशी वाळू, दगडाला बांधलेले हिरवे शेवाळ, बदामाचे एक सुकलेले पान. कोळंबी मात्र नाही!

"ही काय थट्टा?" विनिता रागावली.

"पाणी आधी मुरू द्यायचं. महिनाभर तरी. शेवाळ धरलं, की मग जीव सोडायचे. घाई केली तर मरतं सगळं."

"कोळंबी?"

"आणि बाकीचंही," तो हळूच म्हणाला.

महिना सरला. नखाएवढ्या, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल कोळंब्या शेवाळावर चरू लागल्या. विनिता तासन् तास त्यांच्याकडे पाहत बसे, आणि पाहता पाहता तिला भलताच चेहरा दिसे!

शांतारामभाऊंच्या ते ध्यानात आलेच. "या जवळ्यानं भाकरीचा एक घासही व्हायचा नाही," ते गरजले. "आणि तो देशावरचा भाडेकरू! त्याचं पाणी आपल्या पाण्यात मिसळायचं नाही. विरारच्या पाहुण्यांना मी बोलावणं धाडतोय."

त्याच सायंकाळी विनिताने टाकीत नवे पाणी घातले, घरातील सर्वांत उत्तम पाणी. सकाळी पाहते तो... सगळ्या कोळंब्या वाळूवर आडव्या, फिकट, निश्चल.

"ज्याच्या हातचा जवळा जगत नाही, त्याच्या हाती मुलगी देऊ?" बाबा म्हणाले.

विनिताचे डोळे भरले होते, मान मात्र ताठ होती. "पुन्हा ठेवीन. त्यांना पिल्लं झाली, तर संग्राम या घराची पायरी चढेल. तोवर पाहुणे येणार नाहीत."

"होऊ दे की पिल्लं!" बाबा हसले.

रविवारी तिने बावखलाकाठी संग्रामला गाठले. "तुमच्या कोळंब्याच दुबळ्या! आम्ही देवाला ठेवतो ते पाणी मी घातलं होतं. आजीच्या तांब्याच्या हंड्यातलं, रात्रभर ठेवलेलं."

संग्राम मटकन खाली बसला. "तांबं माणसाला मानवतं गं... कोळंबीला ते विष. मीच सांगायला हवं होतं. माझ्या पहिल्या सगळ्या अशाच गेल्या. शेवाळ बांधायला मी हौसेनं तांब्याची तार वापरली होती."

"म्हणजे तूही खुनी?"

"तूही?" तो चमकला. "आत्तापर्यंत मी 'तुम्ही' होतो."

"खुन्याला कोण अहोजाहो करतं?"

दोघेही रडवेले हसले. त्या संध्याकाळी त्याने आपल्या खोलीतील उरल्यासुरल्या कोळंब्या तिच्या स्वाधीन केल्या. त्याची टाकी रिकामी झाली.

आता विनिता बावखलाचे पाणी मातीच्या माठात निवळीत असे. हंड्याला ती स्पर्शही करीना. दिवाळी होऊन गेली, आणि एके सकाळी आई, आशालताबाई, काचेला नाक लावून ओरडल्या, "अगं, हिच्या पोटाखाली मोहरी कुणी चिकटवली?"

ती अंडी होती! पुढे शेवाळावर केसाएवढी पिल्लेही हिंडू लागली.

संग्राम पायरी चढून आला, तेव्हा शांतारामभाऊंनी घसा खाकरला. "जगल्या, मान्य. पण आमचं घराणं पडलं जुनं, सोवळ्यातलं—"

"हंड्यासारखं, बाबा," विनिता म्हणाली. तिचा आवाज कापत होता, नजर कापत नव्हती. "घासूनपुसून लख्ख. त्यातलं पाणी शुद्धच असतं, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या कोळंब्या त्यात एक रात्र जगल्या नाहीत. मी जाणार ती याच्याच घरी, भाड्याच्या तर भाड्याच्या. तुम्ही हात धरून पाठवलंत, तर आनंदानं जाईन. नाही, तर तशी जाईन. आणि रुखवतात तांब्याचा हंडा मांडू नका. मला माठ द्या."

संग्रामने न कळत एक पाऊल पुढे टाकले आणि तो तिच्या बाजूला उभा राहिला.

शांतारामभाऊ टाकीसमोर वाकले. एक पिल्लू काचेवरून टुणकन उडी मारून शेवाळात शिरले. शांतारामभाऊ तसेच वाकून पाहत राहिले. मग मागे न वळताच, घोगऱ्या स्वरात म्हणाले,

"नवा माठ मातकट वास मारतो. लग्नाआधी चार दिवस भिजत घालायला हवा... आशालता, कुंभाराकडे आजच निरोप धाड."