आभाळातून टाकलेली गाडी

पाऊस उघडायची वाट पाहत मी ज्या पत्र्याखाली शिरले, तिथे एक तरुण जमिनीवर फतकल मारून एका बुटक्या मोटरसायकलला शिव्या घालत होता. हळू आवाजात, पण अगदी मनापासून.

मी खाकरले. तो दचकला.

"ऐकलंत?"

"शेवटची दोन वाक्यं फक्त."

"सॉरी हां, मॅडम."

"मला कशाला? गाडीला म्हणा."

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय मला तेव्हाच दिसली, आणि उगीचच लक्षात राहिली.

एकोणीसशे सत्तरचा सप्टेंबर. मी अंधेरीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रयोगशाळेचा बिघडलेला व्होल्टमीटर दुरुस्तीला द्यायला मरोळपर्यंत आले होते आणि गावठाणात वाट चुकले होते. तो बर्नार्ड. एका कारखान्यात टर्नर. संध्याकाळी घरामागच्या या शेडमध्ये लोकांची मोडकी यंत्रं जोडायचा.

गाडी विचित्र होती. चाकं जेवणाच्या ताटाएवढी. दिवा नाही, गिअर नाही, किकसुद्धा नाही. पेट्रोलची टाकी इंजिनापेक्षाही खाली, जवळजवळ जमिनीला टेकलेली.

"सर्कशीतली का?" मी विचारलं.

"सगळे हेच विचारतात. नायतर म्हणतात, लहान पोराची. पपांनी कुर्ल्याला लष्कराच्या भंगारातून आणली, दुसरं महायुद्ध संपल्यावर. याच्यापुढे ते काय बोलत नाहीत."

घराच्या ओट्यावरून खोकल्याची लांब उबळ ऐकू आली. बर्नार्डचा हात थांबला. ती संपेपर्यंत तो थांबूनच राहिला.

"डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या," तो म्हणाला. "पपांना काय खायचं नाय. हिचा आवाज ऐकायचाय. आगेऱ्याला."

आगेरा हा इथल्या ख्रिस्ती गावकऱ्यांचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शेतातल्या पहिल्या लोंब्या बँड लावून चर्चमध्ये नेतात. मरोळची शेतं कारखान्यांखाली जात होती. लोंब्या मिळाल्याच तर मिळायच्या.

"चालूच होत नाही?"

"कार्ब्युरेटरमध्ये वरून दोन थेंब पेट्रोल टाकलं की फुरफुरते. आणि मरते."

पाऊस केव्हाच उघडला होता. ते आम्हा दोघांनाही कळलं होतं... तरी मी पत्र्याखालीच थांबले.

नंतर मी जात राहिले. पहिल्यांदा व्होल्टमीटरचं निमित्त होतं, मग तेही उरलं नाही. आम्ही पॉलिशपेपरने गाडीचा रंग खरवडायचो. वर लाल, त्याखाली निळा, आणि सगळ्यात खाली मळकट, उदास हिरवा. हँडलचे स्क्रू सैल केले तर हँडल आत मिटलं. सीटची दांडी खाली सरकली. मिटवलेली गाडी म्हणजे एक अरुंद, लांबट गाठोडं झालं.

"अशी नळकांड्यात मावणारी गाडी कुणाला लागली असेल?" मी विचारलं.

"डबा होता तिला." आवाज ओट्यावरून आला. बर्नार्डचे पपा, लॉरेन्सअंकल, आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. "बाँबसारखा, लोखंडी. त्याला कडी होती, दोऱ्या बांधायला."

मी आणि बर्नार्डने एकमेकांकडे पाहिलं.

"पॅराशूट," मी म्हणाले. "विमानातून खाली टाकायची. सैनिक उतरला की डबा उघडायचा, गाडी उलगडायची आणि निघायचं."

"म्हणजे पडण्यासाठीच बनवलेली." बर्नार्डने टाकीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मग माझं आणि हिचं जमेल. मीपण पडलोय... या महिन्यात."

मी पॉलिशपेपर उलटा धरून बराच वेळ घासत राहिले.

गाडी ओळखली, तरी ती चालेना. उत्तर सापडलं ते घाटकोपरला, आमच्या चाळीत. आई स्टोव्हला पंप मारत होती. रॉकेल खाली, ज्योत वर. हवा कोंडल्याशिवाय रॉकेल वर चढत नाही... मी पोळीचा घास हातात घेऊन तशीच बसून राहिले.

"ज्याचा विचार करतेस, त्याला जेवायला तरी आण एकदा," आई म्हणाली.

"टाकीचा विचार करतेय, आई."

"हो का? नाव छान आहे."

दुसऱ्या दिवशी मी टाकीवरून हात फिरवला. वरच्या अंगाला रुपयाएवढं गोल ठिगळ लागलं, डाग देऊन नीट बसवलेलं.

"हे कुणी बुजवलं?"

"मी!" बर्नार्डचा चेहरा उजळला. "चौदा वर्षांचा होतो. मम्मी नुकतीच गेली होती. पपा बोलत नव्हते, जेवत नव्हते. मी घरात मोडलेलं दिसेल ते दुरुस्त करत सुटलो. इथे एक सडका पंप होता, भोकातून पेट्रोल उडायचं. तो काढून टाकला आणि डाग दिला. माझा पहिला डाग. पपा म्हणाले, झकास."

माझं बोट त्या ठिगळावरच थांबलं.

"काय गं?"

सांगू नये असं वाटलं. पण टाकी खाली होती आणि कार्ब्युरेटर वर, आणि यात मला काही बदलता येत नव्हतं. मी सांगितलं, अगदी हळू. त्या पंपाने टाकीत हवा भरायची, म्हणजे पेट्रोल वर चढायचं. पंप गेला, त्या दिवशी गाडी गेली.

तो उठला आणि सरळ ओट्यावर गेला.

"पपा, तुम्हाला माहीत होतं?"

लॉरेन्सअंकलनी डोळे उघडले. "होतं की."

"मग मला बोलला का नाय?"

"तू डाग किती मन लावून दिला होतास, पोरा. आनि तुझी आई गेलेली. गाडी चालू करून जायचं कुठं?"

बर्नार्ड परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने मोडक्या स्टोव्हचा पितळी पंप शोधला, त्याला चामड्याचा नवा वायसर कापला आणि तेलात भिजत घातला. टाकी पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. मग स्वतःचाच तो पहिला डाग तापवून उतरवला. मी शेजारी कंदील धरून उभी होते. वितळलेलं शिसं थेंबाथेंबाने खाली पडत होतं.

पंप बसला. आगेरा आठवड्यावर आला होता. गाडीला किक नव्हती, धावत ढकलून वर उडी मारायची. पण गल्लीत चिखल होता. बर्नार्डचे पाय घसरायचे, उडी मारेपर्यंत वेग संपायचा. एकदा तो गाडीसकट आडवा झाला. मला हसू आलं, त्यालाही आलं... ओट्यावर मात्र खोकला थांबत नव्हता.

लॉरेन्सअंकलनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"बाय, एकट्याचं काम नाय ते. माझा पाय अधू, मला कुठं धावता येतंय? कॉन्सेप्टा, याची आई, ती ढकलायची. चालू झाली का मी गावाला वळसा घालायचो. ती तिथं क्रूसापाशी उभी राह्यची... मी येईपर्यंत."

"उद्या मी ढकलते, अंकल."

"ढकल," ते म्हणाले. "पन साडी खोच वर."

तो उद्या त्यांना मिळाला नाही. पहाटे गेले.

मी पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. त्यांच्या उशाशी मेणबत्त्या जळत होत्या. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. आमच्या घरीही बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्तीच लागते. मी एक लावली. बर्नार्ड ज्योतीकडे पाहत राहिला, माझ्याकडे नाही.

आगेऱ्याच्या दिवशी बारीक पाऊस होता. चर्चकडून बँड ऐकू येत होता. सुतकाच्या घराचं दार लोटलेलं होतं. शेडमध्ये बर्नार्ड गाडीवर गोणपाट टाकत होता.

मी गोणपाट बाजूला केलं. पंपाची दांडी ओढली, दाबली, पुन्हा ओढली. आत हवा कोंडताना सूं असा बारीक आवाज झाला.

"नको, कमल."

"बस."

"पपा गेले. आता कुणाला ऐकवायची?"

"मला."

त्याने वर पाहिलं. खूप दिवसांनी, सरळ.

मी पदर खोचला, साडी वर खोचली आणि ढकलायला लागले. चिखल, दगड, पुन्हा चिखल. श्वास पुरेना. आणि अचानक माझ्या हातांखालून गाडी सुटली. फट्‌... फट्‌फट्‌फट्‌... निळा धूर पावसात पसरला, आणि गुडघे छातीशी घेऊन बसलेला बर्नार्ड वळणाआड गेला.

मी क्रूसापाशी जाऊन उभी राहिले. आवाज विहिरीकडून आला, मग नव्या कारखान्याच्या भिंतीमागे लहान होत गेला. मग थांबला.

बँडही थांबला होता. पाऊस तेवढा होता. इथे उभ्या राहणाऱ्या बाईला काय काय वाटत असेल, ते मला एकदम कळलं.

बऱ्याच वेळाने तो आला. चालत, गाडी ढकलत, नखशिखांत भिजलेला.

"हवा संपली," तो म्हणाला. गाल ओले होते, पावसाने असतील. "परत धक्का लागेल."

"मारीन."

"मी आजचं नाय म्हणत, कमल."

"मीही नाही," मी म्हणाले, आणि पंपाच्या दांडीला हात घातला. त्याने आपला काळा, तेलकट हात माझ्या हातावर ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून हवा भरायला सुरुवात केली.