पूर्वीचं नाव

समर्थनं सभेची नोटीस पुढं केली, तेव्हा त्याची आत्या लंकाबाई त्याच्याच ताटात भाकरी वाढत होती.

"आत्या, लंका डेअरी हे नाव बदलायचंय," मान वर न करता तो म्हणाला. "पुण्यातले व्यापारी हसतात. म्हणतात, लंका म्हणजे जळणारच. 'समर्थ फूड्स' हे नाव मंजूर करून घेतलंय. आता फक्त ठराव राहिलाय."

लंकाबाईनं त्याच्या भाकरीवर तूप वाढलं. नवऱ्यानं टाकल्यावर ती लोणी गावाला भावाकडं परतली, त्याच वर्षी भावजय बाळंतपणात गेली... आणि तान्ह्या समर्थला उराशी धरता धरता तिचं सारं तारुण्य ओसरून गेलं. दुसरं स्थळ आलं, तर पोर कुणाच्या पदरात टाकू, म्हणून तिनं पावण्यांना दारातूनच परतवलं. पुढं दागिने मोडून दूध थंड करायची टाकी तिनंच घेऊन दिली. कंपनी नोंदवताना भावानं, सावळेरामनं, तिला न विचारता डेअरीला तिचं नाव दिलं. उभ्या जगात तेवढीच एक जागा तिच्या नावाची होती...

सभा घरातच भरली. पुण्याहून आलेल्या सेक्रेटरीबाईंनी समजावलं, "तुम्हा तिघांचे हिस्से सारखे आहेत. नाव बदलायला तीन-चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळं एकानं जरी विरोध केला तरी ठराव पडेल."

"माझा इरोध हाय," सावळेराम म्हणाला. मुलापुढं तो जन्मात बोलला नव्हता. "अक्का, तुझं नाव मी पुसू देणार न्हाई."

समर्थ उठला. "मग डेअरी तुम्हीच सांभाळा, आबा. मी पुण्याला राहतो."

लंकाबाई भावाकडं बघत राहिली. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या बाजूनं उभं राहिलं होतं! तिचं अंतःकरण भरून आलं.

"सावळ्या, मागं घे," ती म्हणाली. "नावापायी पोरगं तुटंल." आणि तिनं ठरावाच्या बाजूनं हात वर केला. डोळे पुसत सावळेरामनंही केला.

नवं प्रमाणपत्र आलं, फाटकावर नवी पाटी चढली. 'समर्थ फूड्स'च्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पूर्वीचे नाव : लंका डेअरी'.

"कायद्यानं दोन वर्षं लिहावंच लागतं," समर्थ पुटपुटला आणि गाडीत बसून निघून गेला.

सावळेराम बहिणीजवळ आला. "अक्का, मला माफ कर. तुझं नाव दोनच वर्सं राहील गं."

"लई झाली," लंकाबाई म्हणाली. "नवऱ्याच्या दारात येवढंबी टिकलं नव्हतं."