वारा न लागलेलं पाणी

सोनजाई जलाशयाच्या पाण्याला वारा लागला नव्हता, त्याला पंचवीस वर्षं झाली होती. धरणाच्या भिंतीपासून पार वरच्या खोऱ्यापर्यंत पाण्यावर सोलरच्या प्लेटा तरंगत होत्या. त्यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यांत तेवढं पाणी दिसायचं, आणि तेही हलायचं नाही. काठावरच्या तारूवाडीतली तरुण पोरं त्याला तलाव म्हणतच नसत. 'प्लांट' म्हणत.

भामाबाई तारू मात्र 'पाणी'च म्हणायच्या. त्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष होत्या. प्लेटा बसवताना संस्थेनं पंचवीस वर्षांपुरता मासेमारीचा हक्क सोडला होता. मुदत संपली की प्लेटा काढून पाणी मोकळं करायचं, असा करार होता. मुदत संपून गेली. कंपनीनं भामाबाईंना जिल्ह्याला पाठवलं, जिल्ह्यानं खात्याकडे आणि खात्यानं तलावावरच्या तरंगत्या प्रयोगशाळेकडे. तिथं डॉ. सुमेधा किणीकर नावाची शास्त्रज्ञ होती. पाण्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवणं हे तिचं काम.

"मॅडम, करार संपला. प्लेटा कवा काढताय?" होडीतून वर चढता चढताच भामाबाईंनी विचारलं.

"ते माझ्या हातात नाही, भामाबाई."

"मग कुणाच्या हातात हाय, तेवढं तरी सांगा. चार महिनं हिंडतीया. ज्याला त्याला इचारावं तर त्यो दुसऱ्याचं दार दाखवतोय."

सुमेधाला हसू आलं नाही. ती स्वतः तीन वर्षं त्याच दारांवर अहवाल पाठवत होती आणि प्रत्येक वेळी 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येत होतं.

"बसा. आधी एक दाखवते," ती म्हणाली.

तिनं दोरीला बांधलेली एक जड बाटली तळापर्यंत सोडली आणि तिथं भरून आपोआप मिटल्यावर वर ओढली. पाणी दिसायला नितळ होतं, पण बूच काढताच नासक्या अंड्यांचा भपकारा आला. भामाबाईंनी नाकाला पदर लावला. मग शेजारच्या टबातला बोटभर मासा चिमटीत उचलून त्यांनी त्या पाण्यात टाकला. मासा दोनदा वर आला, तोंड उघडमिट केलं आणि आडवा झाला.

"इख हाय ह्यात?"

"विष आहेच. पण त्याच्याही आधी, ह्यात प्राणवायू नाही."

खोल तलावात पाण्याचे दोन मजले असतात. उन्हानं तापलेलं हलकं पाणी वर राहतं आणि गार, जड पाणी खाली. पोहणाऱ्याचे पाय अचानक गार पाण्याला लागतात ते या खालच्या मजल्यामुळे. सुमेधा त्याला 'तळथर' म्हणायची. प्राणवायू पाण्यात मिसळतो तो वरून, हवेतून. तळथराला तो आपोआप मिळत नाही. हिवाळ्यात वरचं पाणी गारठून जड होतं, खाली बसतं, वारा ढवळतो आणि वर्षातून एकदा सगळा तलाव तळापासून श्वास घेतो. सोनजाईवर प्लेटांनी वारा अडवला आणि रात्री पांघरुणासारखी ऊब धरून ठेवली. त्यात हिवाळेही पूर्वीचे राहिले नव्हते. तळाशी धरणाखाली बुडालेलं न तोडलेलं जंगल कुजत होतं. होता तो प्राणवायू त्यानं संपवला, आणि मग तिथं हा नासक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू साठत गेला.

"मग काढा की प्लेटा! वारा लागंल, पाणी ढवळंल," भामाबाई म्हणाल्या.

"पहिल्या चार-पाच वर्षांत काढल्या असत्या तर चाललं असतं. आता ढवळलं तर खाली साठलेलं सगळं एका झटक्यात वर येईल. मासे जातील, पिण्याचं पाणी जाईल."

"धरणाच्या खालच्या दारातनं नदीला सोडा."

"नदीकाठची गावं तेच पाणी पितात, भामाबाई."

पाण्याखालून एक सततची घरघर येत होती. ती पंपांची होती. लांब नळ्यांमधून ते तळथरात प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडत. या यंत्रणेचं सरकारी नाव 'तळश्वास'. तळथर जिवंत करण्याइतकी तिची ताकद नव्हती. विष वर सरकू न देण्याइतकीच होती. आणि त्यातही एक मेख होती. बुडबुड्यांनी तळ थोडा तापायचा, गाळ थोडा हलायचा, कुजणं वाढायचं. जितका प्राणवायू द्यावा तितकी तळाची भूक वाढत होती.

"ह्या पंपाला वीज कुठनं?"

"प्लेटांचीच. सुरुवातीला थोडी लागायची. आता निम्म्याहून जास्त लागते. पुढच्या वर्षी सगळी लागेल."

भामाबाई एकदम उसळून म्हणाल्या, "म्हंजे प्लेटा कशापायी, तर पंपापायी. आन पंप कशापायी, तर प्लेटांपायी. आमचं पाणी असल्या खेळापायी अडकवून ठिवलंय व्हय?"

सुमेधानं बाटलीला बूच लावलं.

भामाबाई तरीही हटल्या नाहीत. सगळं नको, तलावाचा पश्चिमेकडे गेलेला फाटा तेवढा मोकळा करून बघा, असा त्यांनी हट्ट धरला. तिथं खोली कमी होती. सुमेधानं परवानगी मागितली. कागद पुढे सरकेना. शेवटी चिडून तिनं फाट्याच्या तोंडावर पाण्यात तळापर्यंत जाड पडदा सोडला आणि 'देखभालीसाठी' म्हणून तिथल्या प्लेटा हलवल्या.

नोव्हेंबरचा वारा त्या पाण्यावर उतरला, तेव्हा अर्धी तारूवाडी काठावर होती. लाटा उठल्या. भामाबाईंनी स्वतः जाळं फेकलं आणि पहिल्याच ओढीला चांगले हातभर मासे आले. म्हाताऱ्यांनी होड्यांना नारळ फोडले. सुमेधानं त्या दिवशी घरी पेढे नेले.

तिसऱ्या दिवशी पाणी गंजाच्या रंगाचं झालं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागले आणि संध्याकाळपर्यंत सगळा फाटा पांढऱ्या पोटांनी भरला. पडद्याच्या कडेनं थोडं पाणी मुख्य तलावात झिरपलं, तेवढ्यानं वाडीचे नळ पंधरवडाभर बंद ठेवावे लागले. सुमेधाला नोटीस आली. टँकरच्या रांगेत बायकांनी तिला वाट्टेल ते सुनावलं आणि तिनं ते ऐकून घेतलं, कारण प्लेटा परत जागेवर ओढायला तिला त्यांचीच माणसं हवी होती.

"हळूहळू केलं तर?" भामाबाईंनी विचारलं. त्या काठावर बसून मेलेले मासे पाट्यांत भरत होत्या.

"दर वर्षी एक ओळ काढता येईल. तोपर्यंत पंप चालूच ठेवायचे. साठ वर्षं लागतील."

"साठ वर्सांनी जाळं विणायला कोन उरंल, मॅडम?"

करार वाढवायला संस्थेची सभा जानेवारीत झाली. विरोधात बोलायला भामाबाई उठल्या, खाली बसल्या, पुन्हा उठल्या आणि म्हणाल्या, "सही करा. दुसरं काय हाय हातात?" एकच अट त्यांनी घालून घेतली. पंपांना वीज कमी पडली तर कंपनी ती वाडीच्या लायनीतनं घेणारच होती, पण कधी आणि किती वेळ, ते संस्था ठरवेल. निदान एवढं तरी आपल्या हातात राहील, असं त्यांना वाटलं होतं.

एप्रिलमध्ये आठवडाभर धुळीनं आभाळ भरून राहिलं. प्लेटांची वीज निम्म्यावर आली आणि तळाची भूक उन्हानं वाढली. रोज दुपारी, ऐन तलखीत, वाडीची वीज पंपांकडे वळवणारा संस्थेच्या कचेरीतला खटका खाली ओढावा लागू लागला.

त्या दुपारी सुमेधा कचेरीत आली तेव्हा भामाबाईंची भाची रेवती दारात उभी होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. छातीशी धरलेल्या बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं.

"आत्या, आजच्या दिस पंखा राहू दे. दोन तास. ताप हाय त्येला."

भामाबाईंनी सुमेधाकडे पाहिलं. "दोन तासानं काय व्हईल?"

"बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक?"

सुमेधानं खाली पाहिलं. फाट्याच्या वेळीही ती हाच शब्द म्हणाली होती.

भामाबाईंनी खटका खाली ओढला. वाडीतले पंखे थांबले. डोक्यावरच्या पंख्याची पाती फिरत फिरत सावकाश थबकली. बाळ किरकिरायला लागलं.

"वलं फडकं गुंडाळ त्येला," भामाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "आन जा आता. हितं उभी राहू नगंस."

रेवती उन्हात निघून गेली. थोड्या वेळानं सुमेधाच्या फोनवर तळाचा आकडा उमटला. प्राणवायू किंचित वाढला होता. तिनं तो भामाबाईंना वाचून दाखवला नाही, आणि भामाबाईंनीही विचारला नाही.