घुबडदादाची लाइन

माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखवा, मग मानते तुम्हाला. मी थापाडी आहे हे तुमच्या आयांनी सांगितलंच असेल. पण ही थाप माझी नाही, माझ्या धाकट्या भावाची आहे. आणि त्याला थाप मारायचीही अक्कल नव्हती.

तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तारांचं काम बघायचा. ऑफिस गावात तिसऱ्या मजल्यावर, पंपघर वीस किलोमीटरवर नदीकाठी. दोन्हीकडे कॉम्प्युटर, मधे फोन कंपनीची लाइन. पण कॉम्प्युटरचं बोलणं त्या लाइनीला कळत नाही म्हणे. म्हणून एक डबा इकडे, एक डबा तिकडे. मी म्हटलं, म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थच की रे. तर म्हणतो, तेच समज अक्का, फक्त हा मानपान मागत नाही.

त्या डब्याला तपासणीचं एक बटण असतं. ते दाबलं की आपण पाठवलेलं आपल्याकडेच परत येतं. पलीकडचं काही येत नाही, पलीकडे काही जात नाही, आणि दिवा मात्र हिरवागार. आपणच बोलायचं, आपणच हुंकार द्यायचा. तुमच्या आजोबांसारखं.

पंपघरावर रात्रपाळीला एक माणूस होता. रात्रभर पापणी मिटायची नाही, म्हणून सगळे त्याला घुबडदादा म्हणायचे. नऊ तारखेच्या रात्री, बारा उलटून दोन वाजता, नदी पंपघरात शिरली. मोबाइल तिथे लागत नाही. ऑफिसात कॉम्प्युटरवर त्याचा निरोप आला असता, तर होडी गेली असती. निरोप आला नाही. तो बुडून गेला.

साहेबाने अहवालात लिहिलं, कर्मचारी झोपला होता.

घुबड झोपलं म्हणे. त्याची बायको आठ दिवस ऑफिसच्या दारात उभी. तिला काही नको होतं, फक्त तेवढा एक शब्द खोडा म्हणत होती. साहेबाने शिपायाकडून तिला जिन्यावरून खाली घालवलं. तेव्हा मी तिथे असते ना, तर त्याच्या टेबलावरची शाई त्याच्याच टकलावर ओतली असती.

सतरा तारखेला, मंगळवारी, साहेबाने भावाला पाठवलं. पंपघरातला डबा काढून आण. गेला. डबा चिखलाने भरलेला, तारा तुटलेल्या. पिशवीत घातला आणि परत आला. रात्रीचे पावणेअकरा. ऑफिसात कोणी नाही. कुलूप उघडून खोलीत शिरला, पिशवी टेबलावर ठेवली, आणि बघतो तर...

ऑफिसातल्या डब्याचा दिवा हिरवा.

पलीकडचा डबा तर याच्या पिशवीत. मग हा बोलतोय कुणाशी?

त्याने डबा फिरवून पाहिला. बटण दाबलेलं होतं. नऊ तारखेच्या संध्याकाळी त्यानेच दाबलं होतं, तपासणीला. आणि घरी जायच्या घाईत तसंच ठेवून आला होता.

आता माझा भाऊ. माझ्या पाठचा. त्याने काय करावं? हळूच बटण वर केलं. कुणी पाहिलं नाही, कुणाला कळणार नाही. बायकोपोरं आहेत, नोकरी आहे. हे मला सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि बरंच झालं, नाहीतर कानशिलात खाल्ली असती.

दिवा लाल झाला. व्हायलाच हवा होता. तो दाराकडे वळला.

मागे उजेड पडला.

दिवा हिरवा. कॉम्प्युटर चालू. पडद्यावर एक ओळ...

पाणी चढतंय.

मग दुसरी.

कोणी आहे का.

त्याने लाइनीची तार ओढून काढली. ओळी थांबेनात. वीज बंद केली. पडदा विझेना. पिशवीतून पाणी ठिबकायला लागलं. टप... टप...

मग एकच ओळ. खालून वर. भराभरा. अख्खा पडदा भरेपर्यंत.

मी जागा होतो.
मी जागा होतो.
मी जागा...

भाऊ म्हणाला, "दादा, चूक माझी आहे. लिहून देतो."

अंधार झाला.

चाचपडत कागद शोधला त्याने. मोबाइलच्या उजेडात लिहिलं. बटण मी दाबलं, मी विसरलो, तो झोपला नव्हता. खाली सही केली. कागद टेबलावर ठेवला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात. रात्रभर जिन्यावर बसून राहिला.

सकाळी साहेबासमोर कुलूप उघडलं. साहेबाने कागद वाचला. म्हणाला, हे फाड, त्या संध्याकाळच्या तपासणीच्या कागदावर माझीही सही आहे. फाडायला त्याने स्वतःच कागद उचलला, आणि तसाच थांबला. मग कुजबुजला.

"तुझ्या सहीखाली साक्षीदार म्हणून हा अंगठा कुणाचा?"

गाळाचा होता. ओला.

काय बघता माझ्या तोंडाकडे? जा आता.