श्रावण ड्रायव्हरच्या पायाची चौकशी

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर काल संपला होता. दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी ट्रकवर बसून तळेगावपर्यंत फिरून यायचा बेत सुलोचना, कांता आणि लहानू यांनी महिनाभर आधी केला होता. बेत बाराव्या किलोमीटरपर्यंत अगदी झकास चालला. तिथे ट्रक रस्त्याच्या कडेला घ्यावा लागला. मागच्या चाकातून जळका वास येऊ लागला होता. चाकाचा लोखंडी ड्रम किती तापलाय ते पाहायला लहानूने त्याला बोट लावलं, आणि मग ते बोट तोंडात घालून तो बराच वेळ नाचला.

ट्रक चालवत होते श्रावण, म्हणजे सुलोचनाचे बाबा. ट्रक होता कारंजा घाडग्याच्या लक्ष्मणरावांचा. लक्ष्मणराव मोटरसायकलवरून मागूनच येत होते. संत्री भरलेला आपला ट्रक भर उन्हात उभा पाहून त्यांचा पारा चढला.

"दोन डाव नवे रबर टाकले, श्रावण. आता कसूर रबरचा नाई, तुह्या पायाचा हाये. तू ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवून राह्यला. पाडव्यापासून मी दुसरा ड्रायव्हर पाहतो."

आपण ब्रेकवर विनाकारण पाय ठेवत नाही, एवढंच श्रावण म्हणाले. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस मुलीच्या देखत अशी बोलणी ऐकून घेतो, हे सुलोचनाला फार लागलं. अर्ध्या तासाने चाक निवलं आणि ट्रक मुकाट्याने पुढे चालू लागला. हेच तर त्याचं नेहमीचं नाटक होतं. दहा-बारा किलोमीटर छान पळायचं, मग जाम व्हायचं, आणि गार झालं की पुन्हा काही झालंच नाही असं वागायचं.

संध्याकाळी कांताच्या वडिलांच्या धाब्यामागे तिघांची बैठक बसली. हा खेळ सुरू झाला तो दसऱ्यापासून, असं सुलोचनाने सांगितलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर भैय्याजी मिस्त्रींनी ब्रेकचं काम नव्याने हाती घेतलं होतं. तोवर ते फक्त इंजिनाचे मिस्त्री होते. पहिला मान लक्ष्मणरावांच्या ट्रकला मिळाला. ब्रेकमधले जुने रबर काढून नवे बसवले आणि मग ट्रकला झेंडूचा हार घातला. ट्रक जाम व्हायला लागल्यावर त्यांनी ते रबर काढून आणखी एकदा नवे टाकले. तरी तेच. भैय्याजी स्वतः चालवून पाहायचे, पण फक्त जकात नाक्यापर्यंत. तेवढ्यात ट्रक जाम होणार कशाला? मग उरला श्रावण ड्रायव्हरचा पाय.

"म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी पाय लागला पाहिजे," कांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव बाजाराला नागपूरला गेले होते. कांता अगदी गरीब चेहरा करून भैय्याजींकडे गेली. धाब्यावर सगळे म्हणतात, भैय्याजींसारखा हलका पाय अख्ख्या तालुक्यात नाही, ते बसले तर ट्रक जाम होणारच नाही, असं तिने सांगितलं. धाब्यावर कोणी काही म्हटलेलं नव्हतं. पण भैय्याजींची छाती एवढी फुगली की त्यांनी श्रावणकडून किल्ली मागून घेतली आणि तिघांना केबिनमध्ये बसवलं. सुलोचनाची नजर सारखी त्यांच्या पायावर होती. पाय ब्रेकवर नव्हता. आणि बरोबर बाराव्या किलोमीटरला तोच जळका वास आला.

भैय्याजी खाली उतरले, चाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि घाम पुसत म्हणाले, "हे कोणाले सांगू नोका, पोट्टेहो."

परत आल्यावर त्यांनी मागचं चाक खोललं. ब्रेक कसा चालतो ते मुलांनी विचारलं आणि शरमलेल्या भैय्याजींनी मुकाट्याने समजावलं. पायाने पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे सरकतं, ते सिलेंडरमधल्या रबरला ढकलतं आणि ब्रेक चाकाला घट्ट धरतो. पाय उचलला की रबर मागे यायला हवं. इथे चाक तापलं की रबर मागेच येत नव्हतं. त्यांनी ते उपसून काढलं. आठवड्यापूर्वी बसवलेलं रबर गुबगुबीत झालं होतं.

"कंपनीच खराब माल देऊन राह्यली," असं म्हणून भैय्याजींनी तिसऱ्यांदा आणलेला नवा डबा फोडला आणि त्यातले रबर शेजारच्या घमेल्यात टाकायला हात उचलला. घमेल्यात काठोकाठ घासलेट होतं. इंजिनाचा प्रत्येक भाग आपण असाच धुतो, दुकानात तशी शिस्तच आहे, असं ते अभिमानाने म्हणाले.

लहानूने त्यांचा हात धरला. "भैय्याजी, माह्या सायकलची वॉल ट्यूब घासलेटमध्ये पडली होती. फुगून गांडूळ झाली."

भैय्याजींना ते पटेना. दसऱ्याला तर रबर पूजेत ठेवायचे म्हणून दोनदा धुतले होते, म्हणे. एवढी स्वच्छता बाधेल कशी? आणि शाळेतल्या पोरांनी मिस्त्रीला शिकवायचं?

"दोनच रबर द्या, भैय्याजी," सुलोचना गोड आवाजात म्हणाली. "मंग बाराव्या किलोमीटरले काय झालं, ते आमी इसरलो."

दोन रबर तात्काळ मिळाले. कांताने धाब्यावरून काचेचे दोन ग्लास आणले. एकात ब्रेक ऑइल आणि एक रबर, दुसऱ्यात घासलेट आणि एक रबर. ग्लास दुकानाच्या फळीवर ठेवून तिघं घरी गेली.

सकाळी लक्ष्मणराव दुकानात आले ते नव्या ड्रायव्हरचं नाव विचारायला. श्रावण बाजूला उभे होते. सुलोचनाने दोन्ही ग्लास पुढे ठेवले आणि ती म्हणाली, "काकाजी, आधी हे पाहा."

ब्रेक ऑइलमधलं रबर भैय्याजींनी सिलेंडरमध्ये सरकवलं. ते बोटाने पुढे जात होतं, मागे येत होतं. घासलेटमधलं मात्र तोंडाशीच अडलं. भैय्याजींनी अंगठ्याने दाबलं, तळहाताने दाबलं. ते काही आत जाईना.

भैय्याजींना आता सहज गप्प बसता आलं असतं. पण त्यांनी हातातलं रबर लक्ष्मणरावांसमोर धरलं.

"लोखंड धुवाची सवय माही. रबरबी तसंच धुतलं, अन् एकदा नाई, दोन डाव धुतलं. काल माह्या हातातबी गाडी बाराव्या किलोमीटरलेच जाम झाली. श्रावणचा पाय साफ हाये. कसूर माहा हाये."

तीन तास काम चाललं. सगळं जुनं तेल काढलं, नव्या ब्रेक ऑइलने आतला भाग धुतला, नवे रबर बसवले. घमेल्याला कोणी हात लावला नाही. मग श्रावण गाडीवर बसले. शेजारी लक्ष्मणराव, मागे तीन मुलं आणि भैय्याजी. बारावा किलोमीटर आला. गेला. पंधरावा गेला. तळेगावात ट्रक थांबल्यावर लक्ष्मणराव स्वतः वाकले आणि त्यांनी ड्रमवर सगळा तळहात टेकवला. तो नुसता कोमट होता.

मग सरळ उभे राहून ते चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "श्रावण, मी रस्त्यावर तुले वाट्टेल ते बोललो. चुकलो. गाडी तूच चालवजो, पाडव्यालेबी अन् पुढंबी. अन् हे तीन पोट्टे हाये ना, यायच्याएवढं डोकं माह्यात असतं तं मी पयले चाक खोलून पाह्यलं असतं."

लहानूने कॉलर ताठ केली. भैय्याजींनी तिघांसाठी भजी मागवली आणि घासलेटचा विषय निघाला की ते मान वळवू लागले.

श्रावण ट्रकच्या पलीकडे उभे होते. सुलोचना त्यांच्याकडे गेली, तेव्हा ते गमछ्याने डोळे पुसत होते.

"दोन डाव रबर बदलूनबी गाडी जाम होये," ते हळूच म्हणाले, "तं मलेच माह्या पायाची शंका याले लागली होती, पोरी."

"मले नाई आली, बाबा. एकदाबी नाई."

श्रावण हसले, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच, आणि तिला उचलून त्यांनी केबिनमध्ये खिडकीजवळ बसवलं.