ढील

नदीतले मोठे मासे मला चेहऱ्याने ओळखतात, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. दर रविवारी सकाळी मी गळाची काठी, पिठाच्या गोळ्यांचा डबा आणि घडीची खुर्ची घेऊन निघतो आणि दुपारी तेवढंच सामान घेऊन परत येतो. "आज तरी पिशवी धुवावी लागणार का?" असं ती दारातच विचारते. बाकीचे सहा दिवस मी माझ्या चष्म्याच्या दुकानात असतो. तिथे माझा हात चुकत नाही. डोळ्यांना दिसणार नाही एवढा स्क्रू मी चिमट्याने बरोबर जागी बसवतो. नदीवर मात्र माझी पार शोभा होते.

कारण मला ठाऊक आहे. मला धीर नाही. दोरा जरा हलला की मी हिसका मारतो, आणि वर येतो तो रिकामा गळ.

"चष्मेवाले, कितीदा सांगायचं तुम्हाला?" शेजारच्या दगडावरून मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या डोहातून हातभर लांबीचे मासे काढले आहेत. "मोठा मासा आमिष लगेच गिळत नाही. तोंडात धरून नुसता फिरतो. फिरू द्या त्याला. ढील द्या. आपल्या घरी पोचलो असं वाटलं की तो निवांत होतो. मग ओढायचं."

हा डोह जुन्या रेल्वे पुलाखाली आहे. पुलाच्या खांबांना शेवाळ धरलंय, वरून गाडी गेली की पाण्यावर बारीक थरथर उठते. नदीला दुसऱ्या चांगल्या जागा पुष्कळ आहेत. मी इथेच का येतो, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

वीस वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ याच डोहात गेला. तळाशी अडकलेला गळ सोडवायला दादाने बुडी मारली आणि तो वर आलाच नाही. सव्वीस वर्षांचा होता, पट्टीचा पोहणारा. पाणबुड्यांनी सगळा डोह ढवळून काढला, पण हाती काही लागलं नाही. लोकांनी काय ते समजून घेतलं. आईने घेतलं नाही. "सापडला नाही म्हणजे गेला, असं कुणी ठरवलं?" ती विचारायची. त्याची खाट अजून तिच्या खोलीत आहे, चादर घातलेली. रविवारी मी परतलो की बायको माशांचं विचारते. आई विचारते, "काही कळलं?" एवढंच. मी नाही म्हणतो. तिचं वय आता असं आहे, की खरं उत्तर तिला द्यायचं राहून जाईल की काय, अशी मला धास्ती वाटते.

तर एका रविवारी दोरा हलला, मी सवयीने हिसका मारला आणि गळ वर आला. माझी पिठाची गोळी गेलेली. तिच्या जागी गांडूळ होतं, टोकापासून टोकापर्यंत नीट ओवलेलं.

मी गांडूळ कधी वापरत नाही. मला किळस येते.

"कुणीतरी खालून तुम्हाला शिकवणी देतंय," मास्तर खो खो हसले. मीही हसलो. गांडूळ झटकून टाकलं आणि नवी गोळी लावली.

पुढच्या खेपेला पावाचा तुकडा आला. मी तो मोडून पाहिला. आतून कोरडा होता. डोहाच्या तळाहून आलेला पाव कोरडा कसा, याचा विचार मी सोमवारी गिऱ्हाइकांचे डोळे तपासताना करत होतो. भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मजा वाटत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला रविवारची इतकी घाई झाली होती.

त्या रविवारी गळाच्या टोकाला काहीतरी चमकलं. चष्म्याच्या फ्रेमचा स्क्रू होता, तिळाएवढा. असा स्क्रू पडला तर दुकानाची फरशी गुडघ्यांवर बसून चाचपणारा माणूस मी. मी तो पुसला आणि खिशात टाकला.

मास्तर हसले नाहीत.

"खिशात ठेवलात?"

"मग काय फेकून देऊ?"

त्यांनी आपला गळ पाण्यातून वर घेतला. "मासा आमिष नुसतं हुंगून गेला, तर मी आमिष बदलतो," ते म्हणाले. "बदलत राहतो. एक दिवस कळतं त्याला काय हवंय ते."

त्यांनी सामान आवरलं आणि नदीच्या वरच्या अंगाला जाऊन बसले. मला म्हणाले, "तुम्हीही चला." मी गेलो नाही. काय येतंय ते मला बघायचं होतं.

पुढच्या रविवारी दोरा जड झाला. या वेळी मी हिसका मारला नाही. जपून, हळूहळू गुंडाळत आणला.

चष्मा होता. काळी जाड फ्रेम. डावी काडी कानापाशी थोडी वर वाकवलेली.

ती काडी मीच वाकवली होती. दादाचा डावा कान उजव्यापेक्षा जरा वर होता, त्यामुळे कुठलाही चष्मा त्याच्या नाकावर तिरका बसायचा. मी तेव्हा नुकताच काम शिकत होतो. ती माझी पहिली फ्रेम. ती घालूनच त्याने बुडी मारली होती.

काडीच्या टोकाला एक दोरा बांधलेला होता. माझा नव्हता. केसासारखा बारीक, उन्हात धरल्याशिवाय दिसत नव्हता, आणि त्याचं दुसरं टोक पाण्यात होतं. मी ओढून पाहिला. तो येतच राहिला, अजिबात न अडता. शेवटी मी तो गाठीपाशी कात्रीने कापला आणि तडक दुकान गाठलं.

रविवार असल्यामुळे शटर अर्धंच उघडलं. नंबर मोजायच्या यंत्रावर चष्मा ठेवला. लांबचा नंबर दादाचाच होता, मला तोंडपाठ होता तो. मग खालचा भाग पाहायला भिंग वर सरकवलं आणि यंत्रातल्या रेषा पुसट झाल्या. चाक फिरवलं. रेषा पुन्हा स्पष्ट झाल्या.

भिंगात खाली जवळचा नंबर होता.

सव्वीस वर्षांच्या मुलाला वाचायचा नंबर नसतो. दादा आज असता तर त्याला लागला असता. किती, ते मी मनात मोजलं. यंत्र तेवढाच दाखवत होतं.

भिंगांवर रोजच्या वापराचे बारीक ओरखडे होते. नाकाच्या पट्ट्यांवर घामाचा चिकटपणा ताजा होता.

चष्मा दुकानात कुलूपबंद ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. तरी तो घेऊनच मी घरी आलो. आईला कळायला हवं होतं. तिचा हक्कच होता तो.

बायको बहिणीकडे गेली होती. आई खाटेवर बसली होती.

"काही कळलं?"

मी चष्मा तिच्या हातात दिला आणि खाली वाचायचा नंबर आहे, हेही सांगितलं. तिने डाव्या काडीचा बाक चाचपला. मग भिंगाच्या खालच्या भागावरून अंगठा फिरवला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती हसतही होती.

"चाळिशी लागली की रे त्याला," ती म्हणाली. "वय वाढतंय म्हणजे आहे तो. मी सांगत होते ना तुम्हाला?"

इतक्या आनंदात मी तिला दादा गेल्यापासून पाहिली नव्हती. तिच्यासाठी पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेलो.

परत आलो तर खाट रिकामी होती.

आई दारात उभी होती. दादाचा चष्मा तिने घातला होता. त्या नंबरातून तिला समोरची भिंतसुद्धा दिसायला नको होती. ती मात्र रस्त्याच्या टोकाकडे पाहून मान डोलावत होती.

"किती स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली. "थांब रे, आले."

ती चपला घालत होती.

मी तिचा दंड धरला, तेव्हा तिच्या कानामागे काहीतरी चमकलं. काडीच्या टोकाला ती गाठ तशीच होती. गाठीपुढे मी कापलेला दोरा पुन्हा अखंड होता. तो आईच्या खांद्यावरून पायरीवर, पायरीवरून रस्त्यावर आणि तिथून नदीच्या उताराकडे गेला होता. सगळीकडे सैल पडलेला. कुणीतरी भरपूर ढील दिली होती.

मग पायरीवरचा दोरा हळूच जमिनीपासून वर उचलला गेला.