वाढीचं औषध

देवपुरातल्या माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पारोळ्याचे तोतारामभाऊ एक बाटली घेऊन आले. आत त्यांच्या बायकोच्या, भिकुबाईच्या, पायाच्या तळव्यावरच्या जखमेतला तुकडा होता. जखम आठ महिने भरत नव्हती. त्यातले सहा महिने डॉ. भूपेंद्र तिच्यावर ग्रोथ फॅक्टरचं मलम लावत होते. पेशींना 'वाढा' असा हुकूम देणारं औषध. जखम कशाची, हे तोवर तपासलं मात्र नव्हतं.

कॅन्सर निघाला. मी भूपेंद्रांना फोन लावला.

"कॅन्सर असेल तिथे हे लावू नका, असं डबीतल्या कागदावर छापलंय. वाचलंत?"

"रुखसार मॅडम, जखम छान भरत होती."

"जखम नाही, गाठ भरत होती! तुम्ही तिला खाऊ घालत होतात!"

त्यांनी फोन ठेवला.

उरलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये होता. चार मिलिमीटर. फॉर्मलिनमध्ये पेशी मरते, तिथे काही वाढत नाही. शुक्रवारी तो सहा भरला. संध्याकाळी टेक्निशियन उजैरला पुन्हा मोजायला लावलं.

"नऊ आहे मॅडम," तो हळूच म्हणाला.

सोमवारी भर दुपारी तुकड्यातून तांबडे, केसांसारखे धागे निघालेले दिसले. रक्तवाहिन्या. स्वतःला पोसायला गाठ आसपासच्या रक्तवाहिन्यांना अशीच ओढून घेते. पण बाटलीत रक्त कुठलं?

तोतारामभाऊ रिपोर्ट न्यायला आले. भिकुबाईच्या जांघेतही गाठी आल्या होत्या.

"डाक्टर म्हने, भरस ते चांगलंच शे," ते एवढंच बोलले.

माझं डोकं सणकलं. मी भूपेंद्रांना लॅबमध्ये बोलावलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

"बघा, काय वाढवलंत ते."

"इवलासा तर तुकडा आहे."

खरंच होतं. चार मिलिमीटर. धागे नव्हते.

"बाटली गरम का आहे?" त्यांनी विचारलं. घाईनं ती खाली ठेवून ते तळहात रुमालाला पुसत राहिले.

दोन महिन्यांनी भिकुबाई गेली.

त्याच आठवड्यात भूपेंद्रांच्या तळहातावरची गाठ माझ्याकडे तपासायला आली. कॅन्सरच.

बाईच्या पेशीत केंद्रकाच्या कडेला एक काळा ठिपका दिसतो. पुरुषाच्या पेशीत नाही.

मी मायक्रोस्कोपखाली काच सरकवत राहिले.

पेशीमागून पेशीत ठिपका होता.